अनुभव धागा: पगारापायी सोडलेल्या (आणि न सोडलेल्या) नोकऱ्या

गोदाकाठ
काल नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर 'सीएनसी ऑपरेटर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचे कामगार) पाहिजेत' वाचलं. मी तिथे होतो तेव्हाही हाच बोर्ड लटकलेला असायचा. दिवाळीचा बोनस हातात पडला की पुढच्या आठवड्यात निम्मी शिफ्ट गायब. शेजारच्या प्लॉटमध्ये हजार-दीड हजार जास्त मिळायचे. मालक म्हणायचे, हल्लीच्या पोरांना निष्ठा नाही. पण नवा माणूस घेताना त्याला जुन्यांपेक्षा जास्त द्यायचे! मीच शिकवलेल्या पोराची पगाराची स्लिप चुकून दिसली, आणि महिनाभरात राजीनामा दिला. तुमचंही लिहा.

सातपूरकर
स्लिप चुकून दिसते म्हणे :)
ऑपरेटर गेला की नव्याचा हात बसेपर्यंत रिजेक्शन (बाद होणारे पार्ट), तुटलेली टूलं, बाकीच्यांना डबल शिफ्ट. तो खर्च कुणी मांडत नाही. इन्क्रिमेंटचे दोन हजार मात्र डोळ्यांत खुपतात.

ढग्या
सिन्नर. पगार चांगला होता पण कधी २० ला, कधी २५ ला. घराचा हप्ता ५ ला. सोडली. आता कमी मिळतो, पण १ तारखेला मेसेज येतो.

काळीमैना
पिंपळगावला द्राक्षाचं पॅकहाऊस आहे आमचं. सीझनला बाया टिकत नाहीत. रोजामागे ५० रुपये कुणी वाढवले की सगळी टोळीच तिकडे. न्यायला-आणायला गाडी ठेवली तेव्हा जरा थांबल्या. बाकी नंतर, कुकर झाला.

दुपारपाळी
गोदाकाठ, गरवारे पॉइंटकडून आत वळल्यावरची कंपनी का? भाचा आयटीआय झालाय.

गोदाकाठ
तीच. शिकायला पाठवा. बेसिक किती लिहिलंय ते आधी बघायला सांगा. आमच्या वेळी ग्रॅच्युइटी बेसिक अन् डीएवरच (महागाई भत्ता) निघायची: भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आमचं बेसिक एवढंसं अन् बाकी सगळे भत्ते.

जुनापंपहाऊस
हे दुखणं जुनंच. १९१३ साली अमेरिकेत फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात साधारण १४ हजार माणसं टिकवायला वर्षभरात ५० हजारांवर भरती करावी लागली. सरकत्या पट्ट्यावरच्या त्याच त्या कामाला माणसं कंटाळायची. जानेवारी १९१४ मध्ये रोज ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त. गळती धाडकन खाली आली. पण पूर्ण रक्कम हवी तर दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे बघायला कंपनीची माणसं घरी यायची.

सातपूरकर
आमचा सुपरवायझर घरी आला तर चहा पिऊन वर उसने मागेल.

काळीमैना
झाला कुकर. आमच्या नाशिकरोडच्या माहेरी प्रेसमध्ये (नोटांच्या सरकारी छापखान्यात) लागलेला माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडायचा. मुलीकडचे आधी तेच विचारायचे.

ढग्या
माझे सासरे प्रेसमधलेच. मी खासगीत आहे म्हटल्यावर त्यांनी कांदेपोह्यांची बशी खाली ठेवली होती.