मदत हवी आहे : पसायदानातली तिसरी ओवी कशी उलगडावी?

नमस्कार मंडळी,

इंदूरला हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी पसायदानाच्या अर्थविवेचनाचा तासाभराचा वर्ग घ्यायचा आहे. अडचण एकाच चरणाची : 'जो जें वांछील तो तें लाहो'. भिंतीवरच्या सुविचारासारखा तो सुटा वाचला, की 'ज्याला जे हवे ते मिळो' एवढाच अर्थ उरतो. मग मुले हमखास विचारणार, चोराला हवे ते त्यालाही मिळावे का?

माझ्या मते उत्तर क्रमात आहे. दुसऱ्या ओवीत खळांची व्यंकटी (दुष्टांचा वाकडेपणा) सांडते, सत्कर्मी रती वाढते. तिसरीत आधी दुरिताचे तिमिर (पापाचा अंधार) जाते, विश्व स्वधर्मसूर्याच्या प्रकाशात पाहते आणि त्यानंतर हे मागणे येते. म्हणजे इच्छा शुद्ध झाल्यावरच ती पुरी व्हावी. पण इथे एक खोच आहे. सांडो, वाढो, जावो, पाहो, लाहो ही सगळी सारखीच इच्छार्थी रूपे. 'आधी हे, मग ते' असे ओवीत कुठेही म्हटलेले नाही. शिवाय शेवटचा आखूड चरण 'प्राणिजात' मागणे सर्वांसाठी खुले करतो. नुसत्या क्रमावरून अट काढणे म्हणजे आपला अर्थ ओवीवर लादणे तर नव्हे?

दुसऱ्या-तिसऱ्या ओव्यांचा अन्वय फळ्यावर लिहून सुरुवात करणार आहे. पुढे नवव्या ओवीतला 'दानपसावो' (कृपेचे दान) जोडावा का? की तिथे मुले भरकटतील? शिकवलेल्यांनी जरूर सांगावे. अटीच्या बाजूने किंवा विरुद्ध ज्ञानेश्वरीतलीच एखादी ओवी आठवत असेल, तर अध्याय आणि ओवी क्रमांकासह द्या.