विरोधातही धर्मगुरू, बाजूनेही धर्मगुरू
'पोलंडमध्ये चर्चने राजकीय सुधारणांना कायम खोडा घातला' हे वरच्या प्रतिसादातलं विधान मला पटलं नाही. तिथल्या संसदेत एका सदस्याने नकार दिला तरी अख्खं अधिवेशन आणि त्यात संमत झालेलं सगळं पाण्यात जायचं. १७६० च्या दशकात या नकाराधिकारावर सविस्तर ग्रंथ लिहून तुटून पडले ते स्तानिस्वाफ कोनार्स्की, स्वतः धर्मगुरू. उमरावांची पुढची पिढी तरी शहाणी निघावी म्हणून त्यांनी १७४० मध्ये वॉर्सात शाळाही काढली होती. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने तो अधिकार मोडीत काढला, आणि तिच्या शिल्पकारांपैकी हुगो कोवोंताय हेही धर्मगुरूच! मंजुरीनंतर राजा आणि सदस्य गेले तेही सेंट जॉन चर्चमध्ये.

पहिल्याच कलमात कॅथलिक धर्माला प्रमुख स्थान आहे आणि तो सोडायला बंदी आहे, हे मात्र मलाही खटकतं. इतर धर्मीयांना संरक्षण आहे तेही त्याच कलमात.

बिशप कोसाकोव्स्कींसारखे लोक रशियाच्या बाजूने या घटनेविरुद्ध उभे राहिले, हे खरंच आहे. १७९४ च्या रशियाविरोधी उठावात कोसाकोव्स्कींना वॉर्सातल्या सेंट अ‍ॅन चर्चसमोर फाशी दिली गेली.