पोरांचं बरं चाललंय, मग मृत्युपत्रात संस्थेला वाटा दिला तर बिघडलं काय?

गोदाकाठचा
आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीत सध्या हा एकच विषय. नोटप्रेसमधून रिटायर झालेले एक काका मृत्युपत्र करतायत. फ्लॅट मुलगा-मुलगीला समान, आणि बँकेतल्या ठेवींपैकी निम्म्या एका वाचनालयाला. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, दोघंही खाऊनपिऊन सुखी. तरी नातेवाइकांचा सूर असा, की काकांनी जणू पोरांच्या ताटातला घास ओढला. मी काकांच्या बाजूचा. पैसा स्वकष्टार्जित आहे, तो कुणाला द्यायचा हे तेच ठरवणार. वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सासुद्धा मृत्युपत्राने देता येतो, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ३० बघा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. अशा संस्था नुसत्या वर्गणीवर पिढ्यान्‌पिढ्या तगतात असं वाटतं का कुणाला?

मखमलाबादकर
साफ विरोध. पोरं पुण्या-कॅनडात आहेत म्हणजे हक्क सोडून गेली का? आणि एक सांगा, एवढं लिहिलंत त्यात काकूंचं नाव कुठेच नाही. काका आधी गेले आणि काकू पुढे पंधरा वर्षं जगल्या तर? गुडघ्याचं ऑपरेशन वाचनालय करणार आहे का? आधी घरात दिवा, मग देवळात.

गोदाकाठचा
काकू आहेत, ठणठणीत आहेत. त्यांना हयातभर व्याज आणि त्यांच्यामागे मुद्दल वाचनालयाला, असं लिहिता येतं. फक्त व्यवस्थापक म्हणून खमक्या माणूस नेमावा लागेल.

मखमलाबादकर
व्याजावर आजकाल भाजी येते फक्त. काकूंना मुद्दलाला हात लावायची मुभा हवी. उरलं तर वाचनालय.

बागायतदार_दिंडोरी
शहरवाल्यांचं बरंय, ठेवी वाटायच्या. आमच्याकडे एका नात्यातल्या आजोबांना दोन एकर द्राक्षबाग शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला द्यायची होती. वकिलाने थांबवलं. बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन मृत्युपत्रानेही करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरातच्या खटल्यात म्हटलंय. कूळकायदा, म्हणजे शेतजमीन कुणाकडे जाऊ शकते ते ठरवणारा कायदा, त्यांचा नि आपला मुळात एकच, १९४८ चा. सातबाऱ्यावर भावना चालत नाहीत. शेवटी बाग नातवाला गेली आणि ट्रस्टला रोख ठेवली. नातवाने लगेच बाग काढून प्लॉटिंगवाल्याशी बोलणी सुरू केली, ती गोष्ट वेगळी.

कोर्टाची_पायरी
बरंच ऐकीव चाललंय म्हणून लिहितो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे, पण घरात कुरबुर असेल तर करून टाका, सोबत डॉक्टरचा दाखलाही लावा. प्रोबेटचं, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याचं लचांड मुंबईत २०२५ पर्यंत सक्तीचं होतं, नाशिकात ते कधीच नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज काढा. नॉमिनी पैसा फक्त ताब्यात घेतो. २०२३ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं. संस्थेचं नाव धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे तस्संच, क्रमांकासकट लिहा. 'नाशिकच्या अनाथाश्रमाला' एवढंच लिहिलेला कागद मी पाहिलाय, कोणता आश्रम यावरच घोडं अडलं. आणि काका फ्लॅट न देता पैसे देतायत हे शहाणपणाचं. ट्रस्टला उद्या फ्लॅट विकायचा झाला तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढत बसावी लागते.

पंचवटीची_सून
मेल्यावर कशाला? द्यायचंय तर जिवंतपणी द्या. पुस्तकं आली की नाही, मुलं अभ्यासिकेत बसतायत की नाही, डोळ्यांनी बघा. माझ्या सासऱ्यांनी एका संस्थेला मोठी रक्कम ठेवली होती. संस्थेने त्यातून विश्वस्तांच्या बैठकीची खोली एसी केली आणि दारावर सासऱ्यांच्या नावाची पाटी लावली. नावात काना चुकलेला.

गोदाकाठचा
पाटीवर हसलो, माफ करा. पण सत्तरीच्या माणसाने हातातला पैसा आत्ता सोडावा, हे पटत नाही. पुढे किती दवाखाना लागेल कुणी सांगावं? मृत्युपत्र हवं तितक्यांदा बदलता येतं, शेवटचं खरं. बक्षीसपत्र एकदा झालं की सहसा मागे फिरता येत नाही.

कोर्टाची_पायरी
बरोबर. म्हणूनच रक्कम लिहू नका, टक्के लिहा. ठेवी दवाखान्यात निम्म्या झाल्या तरी वाटणीचा हिशेब बसतो. आणखी एक, नेत्रदान-देहदानाची इच्छा मृत्युपत्रात कोंबू नका. कागद कपाटातून निघेपर्यंत तेरावा उलटतो, डोळे सहा तासांत काढावे लागतात. ते घरच्यांना तोंडी सांगा, फॉर्म भरा.

मखमलाबादकर
टक्के एकवेळ चालतील, तेही काकूंचं भागल्यावर. पण पोरांना आत्ता समोर बसवून सांगा म्हणावं. बाप गेल्यावर वकिलाच्या तोंडून ऐकायला लावू नका.

गोदाकाठचा
सांगून झालं. मुलगी म्हणाली, 'बाबा, अजून द्या.' मुलाने फोन ठेवला.

मखमलाबादकर
बघा! उद्या कोर्टात जाणार तो.

पंचवटीची_सून
जाईना का. साक्षीदार कोण घेतायत काका? सोसायटीतलेच असतील तर काकांपेक्षा लहान वयाचे घ्या म्हणावं. सध्या कट्ट्यावर बसतात त्यांतले सगळे पंच्याहत्तरीपुढचे आहेत.