पुश (२००९) कोणाला आवडलाय का? की मलाच कळला नाही?

सहजच: काल बघून टाकला. क्रिस इव्हान्स आहे, कॅप्टन अमेरिका व्हायच्या आधीचा, डकोटा फॅनिंग आहे, जायमन हॉन्सू व्हिलन, सगळं हाँगकाँगमध्ये, म्हटलं धमाल असणार. सुरुवातीलाच नाझींचे प्रयोग, मग डिव्हिजन नावाची सरकारी यंत्रणा, मग मूव्हर, पुशर, वॉचर, स्निफ, शिफ्टर, वायपर, शॅडो, स्टिच, ब्लीडर अशी वेगवेगळ्या शक्ती असलेल्या लोकांची नावं... अरे पिक्चर आहे की परीक्षेचा पोर्शन? आणि एवढं करून सगळे एका इंजेक्शनच्या मागे पळतायत. नक्की कुठे गंडलं?

रात्रपाळी: नावांचं सोड, ती होतात पाठ. माझा राग निकवर, म्हणजे इव्हान्सच्या हिरोवर. सुरुवातीला त्याला जुगारात मनाच्या शक्तीने फासे धड फिरवता येत नाहीत, व्हिलनचा माणूस व्हिक्टर, त्याच्याकडून बेदम मार खातो, आणि शेवटी त्याच व्हिक्टरला भिडतो. मधे सराव कधी केला? कोणी शिकवलं? काही नाही, क्लायमॅक्स आला म्हणून पॉवर आली. मासळी बाजारातला ब्लीडर लोकांच्या किंचाळ्यांचा सीन मात्र भारी आहे हं, तेवढा मी परत बघेन.

जुनी खोड: स्पॉयलर आहे, न बघितलेल्यांनी पुढे जा.
त्या लिफाफ्यांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? वॉचरला तुमचा निर्णय झाला की पुढचं दिसतं, म्हणून निक सगळा प्लॅन चिठ्ठ्यांत लिहून वाटतो आणि वायपरकडून स्वतःची आठवणच पुसून घेतो. एक नंबर आयडिया! पण चिठ्ठ्यांत काय आहे ते आपल्यालाही सांगत नाहीत, त्यामुळे प्लॅन फसतोय की जमतोय याची धाकधूकच नाही, आपण नुसते बघत बसतो. थोडं जरी आधी कळलं असतं ना तरी मजा आली असती.

सहजच: हो लिफाफे आवडले मलापण, पण तोवर मी निम्मा झोपलो होतो 😅 आणि ती कॅसीची (डकोटा फॅनिंगची) आई? डिव्हिजनच्या कैदेत आहे, तिला सोडवायचंय म्हणून तर पोरगी एवढी जिवावर उदार झालीये, आणि शेवटपर्यंत बाईंचं दर्शन नाही??

रात्रपाळी: दुसऱ्या भागासाठी ठेवली असणार. तो काही आला नाही, आता बस वाट बघत.