म्होरक्या की सूत्रधार? (‘नारुतो’मधल्या अकात्सुकीच्या निमित्ताने)

कंदील: भाची ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेची पारायणं करते. आता तिला त्यातल्या अकात्सुकी या गुप्त टोळीवर मराठीत टिपण लिहायचंय आणि ‘लीडर’पाशी गाडी अडलीय. म्होरक्या, सूत्रधार, प्रमुख, खलनायक... काय बसेल?

रानवारा: खलनायक आधी काढा, तो कथेतला हुद्दा झाला, टोळीतला नव्हे. प्रमुख कचेरीत बसतो. उरले दोघे. ‘म्होरं’ म्हणजे पुढे. म्होरक्या सगळ्यांच्या पुढे असतो, हुकूम त्याच्या तोंडून सुटतात. अकात्सुकीत हे काम पेइनचं. सुरुवातीला त्याची नुसती आकृती दिसते, पण बाकीचे ऐकतात त्याचंच. सूत्रधार वेगळाच: मुखवटेवाला तोबी.

जुनी वही: रहस्य फोडायचं तर आधी सांगत जा हो!

रानवारा: चित्रकथा २०१४ साली संपली, ७०० प्रकरणं होऊन. आता कसलं रहस्य!

नाट्यवेडी: सूत्रधाराची गंमत बघा. संगीत नाटकात तो सगळ्यांच्या आधी येतो, नांदी होते, नटीशी बोलता बोलता आज कुठला खेळ तेही सांगून टाकतो. लपवाछपवी नाहीच. वर्तमानपत्रात मात्र ‘मुख्य सूत्रधार अद्याप फरार’. तोबीला हा दुसरा अर्थ लागू. शिवाय टोळीतल्या देइदाराचा जोडीदार म्हणून तो येतो तेव्हा निव्वळ विदूषक असतो: धांदरट, बडबड्या, जोडीदाराचा मार खाणारा. संस्कृत नाटकातल्या दोन वेगळ्या भूमिका ‘नारुतो’कार किशिमोतोंनी एकाच माणसाच्या गळ्यात घातल्या, म्हणून तर त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

कंदील: मग पेइन सूत्रधार नाहीच म्हणायचा?

रानवारा: तिथेच तर घोळ आहे. पेइन हा एक माणूस नाही, सहा प्रेतं आहेत. त्यांच्या अंगात काळ्या सळ्या खुपसलेल्या. दूर बसलेला, हाडांचा सापळा झालेला नागातो त्या सळ्यांतून चक्र (म्हणजे अंगातली शक्ती) पाठवून सहाही देह हलवतो. त्यातला मुख्य देह याहिकोचा, म्हणजे नागातोच्या मेलेल्या मित्राचा. ही संघटना मुळात याहिकोच्या पुढाकारानं, शांततेसाठी निघाली होती. तेव्हा पेइनचा सूत्रधार नागातो, आणि नागातोला वापरून घेणारा तोबी. तोबीच्याही मागे कोण, ते भाचीवर सोडा. कळसूत्री बाहुल्या खरोखर नाचवणारा सासोरी मात्र टोळीत साधा सदस्य!

जुनी वही: त्या सहा देहांची नावं बौद्धांच्या सहा गतींवरून आहेत: देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत, नरक. भाचीनं हे शब्द बिनधास्त वापरावेत, इंग्रजीवरून उलटे आणायची गरज नाही.

कंदील: छान. आणि ‘अकात्सुकी’चं काय करायचं? उषा? अरुणोदय?

तांबडमाती: दोन्ही नको. जुन्या जपानी कवितेत अकात्सुकी म्हणजे अजून अंधार असतानाची वेळ, रात्र सरत आलेली. उजाडू लागलं की ‘आकेबोनो’. म्हणजे आपली पहाट आणि तांबडं फुटणं यांतला फरक. अर्थ सांगायचा तर ‘पहाट’च. पण टोळीचं नाव म्हणून अकात्सुकीच राहू दे. ‘पहाट संघटना’ म्हटलं की लोक दिवाळीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे पास मागतील.

नाट्यवेडी: ‘संघटना’ही मला खटकतो. ‘टोळी’ म्हणा, पैसे घेऊन कामं करतात ते.

रानवारा: याहिकोच्या काळापुरती संघटना, नंतर टोळी. टिपणात शब्द बदलला तर वाचणाऱ्याला पडझड आपोआप कळेल.

जुनी वही: आणि नाव ‘पेइन’च लिहायला सांगा. मुळात तो इंग्रजी शब्दच जपानी लिपीत घातलाय, दुखण्याचा. मराठी उच्चाराप्रमाणे लिहायला गेली तर ‘पेनने अख्खं कोनोहा गाव उद्ध्वस्त केलं’ असं होईल, आणि बाई विचारतील, शाईचं की बॉलचं?