रोमानियाने अख्खी निवडणूक रद्द केली. बरोबर केलं का?

उंबरठा:
हा प्रश्न डिसेंबर २०२४ पासून माझ्या डोक्यातून जात नाही. प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २४ नोव्हेंबरला रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाची पहिली फेरी झाली. कालिन जॉर्जेस्कू हा अपक्ष उमेदवार जनमत चाचण्यांत कुठेच वर नव्हता. तो जवळजवळ २३ टक्के मतं घेऊन पहिला आला. प्रचाराचा खर्च त्याने शून्य दाखवला होता. दुसऱ्या क्रमांकावर एलेना लास्कोनी, आणि पंतप्रधान मार्चेल चोलाकू त्यांच्यापेक्षा अवघ्या २,७४० मतांनी मागे राहून स्पर्धेतून बाहेर.

घटना न्यायालयाने फेरमोजणी करायला लावली आणि २ डिसेंबरला निकालावर शिक्कामोर्तब केलं. ४ तारखेला राष्ट्राध्यक्ष क्लाऊस योहानिस यांनी गुप्तचर खात्यांचे कागद खुले केले. टिकटॉकवरची सुमारे २५ हजार अकाउंट मतदानाआधी दोन आठवडे एकदम जागी झाली होती. एकाच माणसाकडून प्रचार करणाऱ्यांना ३ लाख ८१ हजार डॉलर गेले होते. मागे परकं राष्ट्र असावं असा सूर होता, रोख रशियाकडे. ६ तारखेला त्याच न्यायालयाने एकमताने सगळी निवडणूक रद्द केली. त्या दिवशी परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं दुसऱ्या फेरीचं मतदान सुरूसुद्धा झालं होतं.

माझ्या मते ही मोठी चूक होती. जॉर्जेस्कूचे विचार मला अजिबात पटत नाहीत, युक्रेनला मदत नको हा तर मुळीच नाही. पण २१ लाखांहून जास्त माणसांनी त्याला मत दिलं आणि ती माणसं खरी होती. खोटी अकाउंट मतदानाच्या रांगेत उभी राहत नाहीत. मोजणी तर न्यायालयानेच पुन्हा करून घेतली होती. मग बाद काय झालं? लोकांचा विचार बाद झाला, तो बाहेरून कुणीतरी डोक्यात घातला असं म्हणून. हे एकदा मान्य केलं तर कुठलं मत टिकेल?

दीपस्तंभ:
तुम्ही मतदानाचा दिवसच तेवढा बघताय. न्यायालयाने निकालपत्रात पैशावर बोट ठेवलं आहे. खर्च शून्य दाखवायचा आणि तुमच्या प्रचारावर कुणीतरी लाखो डॉलर ओतायचे, हे कुठल्या निवडणूक कायद्यात बसतं? टिकटॉकवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही असा कंपनीचाच नियम आहे. प्रचाराच्या व्हिडिओवर तशी खूण असावी हा रोमानियाचा नियम. जॉर्जेस्कूच्या व्हिडिओंवर ती नव्हती. बघणाऱ्याला वाटणार, हा एक साधा माणूस मनातलं बोलतोय आणि लोकांना ते आवडतंय. बाकीच्या उमेदवारांच्या गळ्यात पाटी आणि हा मोकळा.

आणि त्या कागदांतला एक तपशील तुम्ही गाळलात. त्यातली जवळजवळ ८०० अकाउंट २०१६ मध्ये उघडलेली होती. आठ वर्षं त्यांवर फारशी हालचाल नाही. ११ नोव्हेंबर २०२४ ला ती उठली. आठ वर्षं कोण कशाची वाट बघत बसतं, याचा विचार करा.

मोकळी_हवा:
उंबरठा यांच्याशी सहमत. एक भर घालते. लास्कोनी दुसऱ्या फेरीत जॉर्जेस्कूसमोर उभ्या राहणार होत्या. रद्द झाल्याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता म्हणावं, तर त्यांनीच या निर्णयावर सडकून टीका केली, लोकशाहीच पायदळी तुडवली म्हणाल्या. ज्यांचा पंतप्रधान तिसरा आला होता ते मात्र पुन्हा शर्यतीत आले.

कळफलक:
तंत्राबद्दल थोडं लिहिते, कारण हे काम मी जवळून बघितलं आहे. एका जाहिरात कंपनीत तीन वर्षं होते. राजकारण नव्हतं, वस्तू खपवायच्या होत्या, पण पद्धत हीच. एक शीट असायची. पहिल्या रकान्यात अकाउंटचं नाव, मग ते कधी उघडलं, शेवटची पोस्ट कधीची, आणि शेवटी 'तापवलं' की नाही. तापवायचं म्हणजे महिनाभर त्या अकाउंटवरून काहीबाही करत राहायचं. मांजरांचे व्हिडिओ लाइक करायचे, चार जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या. मग ते माणसाचं वाटायला लागतं. नवं अकाउंट स्वस्त मिळतं, जुनं महाग. म्हणून २०१६ ची ती अकाउंट वाचून मी चपापलेच.

व्हिडिओ पडला की पहिल्या अर्ध्या तासात आपल्या माणसांनी कमेंट टाकायच्या. सगळ्या कौतुकाच्या नसायच्या. दोन शंका, एक भांडण, त्यावर एक समजूतदार उत्तर. भांडण दिसलं की खरी माणसं वाचायला थांबतात, आणि माणसं थांबली की अल्गोरिदम तो व्हिडिओ आणखी लोकांपुढे नेतो. तिथून पुढे आमचं काम संपलेलं असायचं.

रोमानियात कितीतरी इन्फ्लुएन्सरनी पैसे घेऊन व्हिडिओ केले, 'समतोल आणि ताठ कणा' अशा अर्थाच्या हॅशटॅगखाली. आदर्श राष्ट्राध्यक्ष कसा असावा एवढंच त्यांनी सांगितलं, नाव कुणाचंच घेतलं नाही. खाली कमेंटमध्ये मात्र जॉर्जेस्कूचं नाव ओळीने. व्हिडिओ करणाऱ्यांतल्या काहींना आपण कुणाचा प्रचार करतोय हे खरंच कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसतो.

आता दोन्ही बाजूंना अडचणीची गोष्ट. रोमानियातल्या शोधपत्रकारांनी करखात्याच्या माहितीवरून दाखवलं की या हॅशटॅगच्या मोहिमेचा पैसा नॅशनल लिबरल पक्षाचा होता, म्हणजे तेव्हाच्या सत्तेतल्या युतीतल्याच एका पक्षाचा! मोहीम आपल्याला न सांगता बदलली गेली, जॉर्जेस्कूला मदत करण्याचा हेतू नव्हता, असं पक्षाने सांगितलं. गुप्तचर कागदांत मात्र ही मोहीम रशियाच्या युक्रेनमधल्या जुन्या मोहिमेसारखी दिसते म्हणून नोंदलेली आहे. मला विचाराल तर अशा वेळी 'परकं कोण' हे सांगता येतं असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

उंबरठा:
कळफलक, आभार. माझी भीती हीच आहे. चार दिवसांत घाईघाईने निर्णय झाला, आणि ज्या मोहिमेकडे बोट दाखवलं तिचा एक धागा घरातूनच निघाला.

दीपस्तंभ:
एक धागा घरातला निघाला म्हणून बाकीचे सगळे घरातले ठरत नाहीत. रशिया हे करतो की नाही, यावर आता वाद उरलेला नाही. पुतिनच्या जवळचा उद्योगपती येवगेनी प्रिगोझिन, ज्याच्या पैशावर खोटी अकाउंट चालवणारी संस्था उभी होती, त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की आम्ही अमेरिकेच्या निवडणुकीत ढवळाढवळ केली, करतोय आणि करणार.

त्याच्या माणसांनी काय केलं याचं एक उदाहरण मी कधीच विसरत नाही. २१ मे २०१६, ह्यूस्टन. इस्लामिक केंद्रासमोरच्या रस्त्यावर एका बाजूला टेक्सासचं 'इस्लामीकरण' थांबवा म्हणणारे, हातात झेंडे. समोर मुसलमानांच्या बाजूने आलेले. मधे पोलीस. एका गटाला 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाच्या फेसबुक पेजने बोलावलं होतं, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' नावाच्या पेजने. दोन्ही पेजं सेंट पीटर्सबर्गमधल्या एकाच संस्थेची. खर्च सुमारे २०० डॉलर. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हे नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झालं. त्या रस्त्यावरची माणसंही खरीच होती, उंबरठा. त्यांचा रागही खरा होता. तो कुणीतरी दुसऱ्या खंडात बसून एका वेळेला, एका पत्त्यावर समोरासमोर आणला. माणसं खरी होती एवढ्यावरून सगळं ठीक होतं असं मी म्हणू शकत नाही.

उंबरठा:
ह्यूस्टनचं उदाहरण जबरदस्त आहे, मान्य. पण राग आणला आणि मत बदललं, यात अंतर आहे. २०१६ मधल्या याच रशियन अकाउंटवर 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये जानेवारी २०२३ मध्ये एक अभ्यास आला. ट्विटरवर ज्यांना या पोस्ट दिसल्या त्यांत १ टक्का लोकांच्या वाट्याला ७० टक्के पोस्ट गेल्या होत्या, आणि ही मंडळी मुळातच कट्टर रिपब्लिकन. पोस्ट पाहिल्यामुळे कुणाचं मत किंवा मतदान बदलल्याचा पुरावा संशोधकांना सापडला नाही. ज्याचा परिणाम मोजता येत नाही, त्याच्या जोरावर लाखो मतं कशी पुसायची?

आडवाट:
अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकला हेच म्हणाले होते. परक्या देशाच्या काही लाख डॉलरच्या जाहिरातींनी तुमची लोकशाही मोडत असेल, तर ती मुळात फार भक्कम नव्हतीच.

दीपस्तंभ:
आडवाट, कुलूप कच्चं होतं म्हणून चोरी माफ होत नाही.

उंबरठा, तो अभ्यास ट्विटरचा आहे आणि दोन पक्षांच्या, वर्षानुवर्षं मतं घट्ट झालेल्या देशातला आहे. रोमानियात पहिल्या फेरीत डझनभर उमेदवार होते आणि दुसऱ्या-तिसऱ्यात २,७४० मतांचं अंतर. सुमारे १ कोटी ९० लाखांच्या देशात टिकटॉक वापरणारे ९० लाखांच्या घरात. तिथे थोडासा धक्काही पुरतो. शिवाय मतदानाचा हक्क कायमचा काढून घेतला नव्हता. मे २०२५ मध्ये लोकांनी पुन्हा मत दिलं, आधीपेक्षा जास्त संख्येने आले, आणि निकुशोर दान ५३.६ टक्के मतांनी निवडून आले.

उंबरठा:
पुन्हा मत दिलं, पण कुणाला? मार्चमध्ये जॉर्जेस्कूला उभं राहायलाच मनाई झाली. नोव्हेंबरमध्ये जॉर्जेस्कू आणि त्याच्यासारखाच कट्टर राष्ट्रवादी उमेदवार जॉर्ज सिमियोन या दोघांची मतं मिळून ३७ टक्क्यांच्या आत होती. मेच्या पहिल्या फेरीत एकट्या सिमियोनला जवळजवळ ४१ टक्के पडली. लोकांना आपलं मत हिसकावल्यासारखं वाटलं, याहून वेगळा अर्थ मला लावता येत नाही.

शाईपेन:
मी कायद्याच्या बाजूने बघते. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये या प्रश्नावर मत दिलं. निवडणूक रद्द करताच येत नाही असं ते म्हणत नाहीत. ऑनलाइन प्रचारातल्या गैरप्रकारांवरूनही करता येईल, पण अगदी अपवादाने. नेमका कुठला नियम मोडला हे पुराव्याने दाखवलं पाहिजे, आणि गुप्तचर कागद हा एकमेव आधार असू नये. दीपस्तंभ, पैशाबद्दलचा तुमचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मजबूत आहे, पण तो खटला चालवून, दोन्ही बाजू ऐकून सिद्ध करायला हवा होता. ४ तारखेला कागद आणि ६ तारखेला निकाल, यात उलटतपासणीला जागाच नव्हती.

आणि पुढचं बघा. १८ मेला सिमियोन हरले. दोनच दिवसांत तेही त्याच न्यायालयात गेले: फ्रान्स आणि मोल्दोव्हाने हस्तक्षेप केला, निवडणूक रद्द करा. म्हणजे हेच हत्यार दुसऱ्या हातात. न्यायालयाने २२ मेला एकमताने मागणी फेटाळली. या वेळी फेटाळली!

दीपस्तंभ:
घाई झाली हे मी मान्य करतो. पण मला एक सांगा, हल्ला ऐन शेवटच्या दोन दिवसांत झाला तर काय करायचं? स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ ला मतदान होतं. दोन दिवस आधी प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का यांच्या आवाजात एक ऑडिओ फिरला. निवडणुकीत गडबड कशी करायची यावर ते एका पत्रकाराशी बोलतायत असा. सगळा बनावट. तेव्हा प्रचारबंदी लागू होती, उत्तर द्यायलाही जागा नव्हती.

शाईपेन:
फ्रान्समध्ये मे २०१७ ला असंच झालं. मॅक्रों यांच्या प्रचारयंत्रणेचे चोरलेले ईमेल प्रचारबंदी सुरू व्हायच्या तोंडावर बाहेर आले. त्यांच्या माणसांनी काही तासांत जाहीर केलं की चोरी झाली आहे आणि खऱ्यात खोटे कागद मिसळलेत. निवडणूक नियंत्रण आयोगाने माध्यमांना मजकूर छापू नका म्हणून बजावलं. आपल्यावर हल्ले होतायत हे त्यांनी महिनोन्‌महिने आधीपासून लोकांना सांगितलं होतं. लोकांच्या कानावर ते होतं, म्हणून ते गोंधळले नाहीत असं मला वाटतं.

उंबरठा:
शाईपेन, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट सांगता येत नव्हतं. ४ डिसेंबरचे कागद नोव्हेंबरच्या मध्याला लोकांसमोर आले असते तर जॉर्जेस्कूला मत देणाऱ्याने ते माहीत असूनही दिलं असतं, किंवा दिलं नसतं. दोन्ही चाललं असतं. इथे टिकटॉकची चौकशी युरोपीय आयोगाने सुरू केली १७ डिसेंबरला. वरातीमागून घोडं. ज्याच्या मंचावर हे घडलं ती कंपनी राहिली बाजूला आणि मतदाराचं मत गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, दीपस्तंभ.

दीपस्तंभ:
कंपनीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण वेळेत कळलं नाही आणि कळलं तेव्हा पहिली फेरी होऊन गेली होती, अशा वेळी न्यायालयाने हात बांधून बसायचं, हे मी आजही मान्य करणार नाही. कळफलक, एक विचारतो. मतदानाआधी हे ओळखता आलं असतं का?

कळफलक:
बाहेरून अवघड होतं. संशोधकांना कंपन्या पुरेसा डेटा पुरवत नाहीत, आपल्याला फक्त समोरचा व्हिडिओ दिसतो. पण आतून? आठ वर्षं निपचित पडलेली शेकडो अकाउंट ११ तारखेला एकाच उमेदवारासाठी बोलायला लागली. आमच्या त्या शीटमध्ये अकाउंट कधी उघडलं आणि शेवटची पोस्ट कधीची, हे दोन रकाने शेजारी शेजारी असायचे. कंपनीकडे तेच दोन रकाने प्रत्येक अकाउंटचे असतात. मतदानाला तेरा दिवस बाकी होते.