फायनल फँटसी १२ : जुनं छापील गाइड घ्यावं की नेटवर भागवावं?

नवखा_गडी
या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती 'द झोडियाक एज' नुकतीच सुरू केलीय, पहिल्यांदाच. ओळखीतले एक जण ब्रॅडीगेम्स या प्रकाशकाचं २००६ चं जाडजूड गाइड काढून टाकतायत. चाळून पाहिलं, नकाशे झकास आहेत. पण नेटवर सगळं फुकट असताना घेण्यात अर्थ आहे का? व्हिडिओ बघत खेळायचा मला कंटाळा येतो आणि पुढची गोष्ट आधी कळलेली अजिबात चालत नाही.

चौथी_पेटी
घ्या, पण त्याच्या भरवशावर खेळू नका. ते गाइड मूळ गेमचं आहे, तुम्ही खेळताय ती २०१७ ची आवृत्ती. मुळात सगळ्या पात्रांना एकच लायसन्स बोर्ड, म्हणजे कौशल्यं शिकायचा तक्ता, होता. तुमच्याकडे १२ जॉब, म्हणजे पात्रांच्या भूमिका, आहेत, एका पात्राला दोन देता येतात. म्हणजे कुणाला काय शिकवावं ही पानं बादच. खजिन्याच्या पेट्यांच्या याद्याही जुळणार नाहीत.

आणि तो झोडियाक स्पिअर! मूळ गेममध्ये नेक्रोहोल या जागेतल्या एका पेटीत हा भाला मिळायचा, पण त्याआधी चार ठरावीक पेट्या उघडल्या नसतील तरच. त्यातली पहिली लोटाउनमध्ये, म्हणजे खेळ जेमतेम सुरू झालेला असतो तेव्हाच समोर येते. गेम याबद्दल चकार शब्द काढत नाही. गाइड खपावीत म्हणूनच ही अट घातली, असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. खरंखोटं देव जाणे, मला तरी त्या अटीचं दुसरं कारण सुचत नाही. तुमच्या आवृत्तीत ती काढून टाकलीय. त्यामुळे पुस्तकात 'ही पेटी उघडू नका' असं दिसलं तर खुशाल उघडा.

मग घ्या का म्हणतोय? ग्रेट क्रिस्टल नावाच्या चक्रव्यूहासाठी. गिरुवेगन या जागेच्या पुढे तो लागतो आणि तिथे गेम तुम्हाला नकाशाच देत नाही. खोल्या सगळ्या एकसारख्या, दारांना राशींची नावं, आणि अल्टिमा या बलाढ्य शत्रूपर्यंत जायचं तर वरच्या भागात चढायचं. व्हिडिओत हा रस्ता शोधायचा म्हणजे थांबवा, मागे न्या, परत लावा. छापील नकाशा मांडीवर उघडा असला की मान खाली घातली, बघितलं, पुढे. फक्त हा नकाशा पुस्तकात नीट दिलाय का, ते घेण्याआधी तपासा.

साधा_मजकूर
नकाशाचं मान्य, पण बाकीच्याला गेमफॅक्स ही खेळाडूंनी लिहिलेल्या गाइडची साइट बास आहे की. १९९५ पासून चालू आहे. साधा मजकूर, पेटीचं नाव टाकून शोधलं की नेमकी तीच ओळ समोर. चूक सापडली तर लिहिणारा दुरुस्त करतो, छापलेलं पान कोण दुरुस्त करणार? आणि ब्रॅडीगेम्सनेच फायनल फँटसी ९ च्या गाइडमध्ये काय केलं होतं आठवतंय ना? पुस्तक विकत घ्यायचं आणि अर्ध्या युक्त्यांसाठी आत छापलेले शब्द प्लेऑनलाइनच्या साइटवर जाऊन टाकायचे!

चौथी_पेटी
ते गाइड म्हणजे निव्वळ चेष्टा होती, त्यावर वाद नाही. यादी शोधायला मीही गेमफॅक्सच उघडतो. पण अक्षरं आणि रेघा जुळवून काढलेले तिथले नकाशे मला कधी वाचता आले नाहीत, माफ करा.

नवखा_गडी
आणि गोष्ट आधी कळण्याचं काय? पुस्तकात सगळं समोरच असणार ना?

चौथी_पेटी
हो, तो धोका आहे. शत्रूंची यादी चुकूनही चाळू नका, शेवटी कोणाशी लढायचंय ते चित्रासकट कळेल. सोपा उपाय म्हणजे ज्या भागात आहात तेवढीच पानं मोकळी ठेवायची, पुढच्या सगळ्यांना एक मोठी क्लिप. नेटवर ही सोय नाही, तिथे शोधायला गेलं की सुचवलेल्या मथळ्यातच कोण मेलं ते लिहिलेलं असतं.

साधा_मजकूर
हे मात्र खरं.

नवखा_गडी
झोडियाक एजचंच वेगळं छापील गाइड आलं होतं का?

चौथी_पेटी
प्रिमा या गाइड प्रकाशकाने २०१७ मध्ये काढलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी गाइडचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता कुणाच्या तरी कपाटातलंच मिळेल. तुमच्या त्या ओळखीच्यांना विचारून बघा, जुनं सांभाळून ठेवणाऱ्याकडे नवंही असू शकतं.